तिचा वावर, तिचं वावर

उन्हाळी परीक्षा आली की आमच्या कॉलेजातले सगळे पंखे एकदम फिरायला लागतात आणि वारा कुणालाच लागत नाही. 'उन्हाळी' हा शब्द विद्यापीठाच्या वेळापत्रकावरच छापलेला असतो. उन्हाळी भुईमूग, उन्हाळी कांदा, तशी उन्हाळी परीक्षा. खिडकीतून सातपुडा दिसतो, पण या दिवसांत तो धुळीच्या रंगाचा होऊन बसतो आणि नीट पाहिल्याशिवाय डोंगर आहे हे कळत नाही. अंगणातल्या कडुनिंबाला फुलोरा आलेला असतो. त्याचा कडूगोड वास, उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या कागदाचा वास, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठाचा वास. वर्षानुवर्षं हेच तीन वास आणि हाच माझा हॉल.

परवा एम.ए.चा समीक्षेचा पेपर होता. प्रश्न होता, 'रूपवादी समीक्षेची वैशिष्ट्ये सांगून तिच्या मर्यादा स्पष्ट करा.' मुलं खाली मान घालून मर्यादा स्पष्ट करत होती. एका मुलीनं वैशिष्ट्यांतच पुरवणी मागितली. हीच मुलगी थंडीत वर्गात उभी राहून मला म्हणाली होती, "मॅडम, कवी जित्ता असन तं त्याले फोन लावून इचारून काऊन नाही घ्यायचं?" वर्ग खदखदून हसला. मीही हसले आणि मग पुस्तकातलं उत्तर दिलं: कविता लिहून झाली की ती कवीची राहत नाही, अर्थ शब्दांत शोधायचा, कवीच्या मनात नाही. उत्तर बरोबरच आहे. पण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मला घरच्यांनी विचारला होता, असाच आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, आणि तेव्हा हे उत्तर माझ्या तोंडातून निघालं नव्हतं. त्यामुळे मर्यादा हा शब्द दिसला की मला प्रश्नपत्रिका दिसत नाही, ते ऊन दिसतं.

आधी त्या एका शब्दाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

माझं माहेर बुलडाण्यापलीकडच्या धाडचं. धाडला वावर म्हणजे शेत. ते वावर. "माय कुठी गेली?" "वावरात." याच्यापलीकडे त्या शब्दाला काही करायचं असेल असं मला विसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. मग पुण्याला शिकायला गेले. होस्टेलवरची मैत्रीण एका मुलीबद्दल म्हणाली, "तिचा ग्रंथालयात फार वावर असतो." माझ्या मनात आलं, ग्रंथालयात वावर कसं असेल? तिथला वावर पुल्लिंगी होता. तो वावर, म्हणजे येणंजाणं, असणं. आमचं वावर नपुंसकलिंगी, काळ्या मातीचं, बांधाला बोरी असलेलं. दोन्ही शब्द मराठीच. माझ्या तोंडून मात्र चुकून कधी 'वावरात गेली होती' असं निघालं की मुली एकमेकींकडे बघायच्या आणि कुणीतरी प्रेमानं विचारायचं, "तू नक्की कुठली गं?"

त्या प्रेमळ प्रश्नानं मी इतकी वैतागले होते की रूपवादाची मला पहिल्या तासालाच भूल पडली. सर सांगत होते, कविता कुठून आली ते विचारू नका, कुणी लिहिली ते विचारू नका, तिच्यात काय आहे तेवढं पाहा. मला वाटलं, वा! म्हणजे कवितेला गाव विचारायचं नाही. तिचा उच्चार, तिचा बाप, तिची जात, तिची एसटीची गाडी, काही नाही. शब्द समोर आहेत ना, वाचा. दोन वर्षं मी त्या विचारावर जेवले म्हटलं तरी चालेल. आजही त्याच्याविरुद्ध कुणी हलक्यानं बोललं की मला राग येतो.

पुढे जळगाव जामोदला नोकरी लागली, लग्न इथलंच झालं. विभागप्रमुख म्हणून जे सर मिळाले तेही पुण्याचे आणि कट्टर रूपवादी. बिनदुधाचा चहा प्यायचे आणि कवितेत एकही अवांतर गोष्ट येऊ द्यायचे नाहीत. आमचं दोघांचं छान जमायचं.

मग आई गेली. हिवाळ्यात, फार न त्रासता. त्यानंतर केव्हातरी, सुपरव्हिजन करता करता, मी एक कविता लिहिली. आयुष्यातली तिसरी की चौथी. नाव 'वावर'. चारच ओळी:

आईच्या वावरात सावली नव्हती,
तरी आम्ही सावलीत वाढलो.
आता माझ्या वावरात
सावलीच सावली, आणि बसायला कोणी नाही.

कॉलेजच्या वार्षिकांकात ती छापली गेली. सरांनी वाचली आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "वावर! काय शब्द टाकलायस. आईचं असणं, तिची अखंड लगबग." मी म्हटलं, सर, आमच्याकडे वावर म्हणजे शेत. ते असे खूश झाले की कपातला चहा बशीत सांडला. "अगं मग हा तर श्लेष! आणि बघ, सप्तमीत दोन्हींचं रूप एकच. वावरात. तो की ते, कळूच देत नाहीस. कवितेत लिंग कळतच नाही!" त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात त्या चार ओळींवर अख्खा तास घेतला. कवयित्री मागच्या दारात उभी आहे याची त्यांनी तत्त्व म्हणून दखल घेतली नाही.

मला काय म्हणायचं होतं? हे मी स्वतःला तेव्हाही विचारलं आणि खरं सांगते, आठवेना. आई घरात फिरताना पदरानं कपाळ पुसायची, ते डोळ्यांपुढे होतं. आणि निंदायला वाकलेली पाठ पण होती. लिहिताना शब्द एकच आला. कोणता आला, हे हाताला माहीत असेल.

वार्षिकांकातलं ते पान कुणीतरी मोबाइलवर काढलं. तिथून ते धाडच्या आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर गेलं, तिथून बाजाराच्या दिवशी पारावर. आखाजी जवळ आली होती.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. आपल्या आपण येत नाहीत, भाऊ न्यायला येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. दादा, माझा थोरला भाऊ, दरवर्षी यायचा. बुलडाण्याहून, मोताळ्याहून, नांदुऱ्याहून गाड्या बदलत, घामानं थबथबून. मला एकटीला जाता येत असूनही यायचा, कारण मुऱ्हाळ्याशिवाय गेलेली लेक पाहुणी. त्या वर्षी तर आईची पहिली घागर होती. गव्हावर मातीची घागर ठेवायची, पाणी भरायचं, वर खरबूज, आणि गेलेल्याच्या नावानं पुरणपोळी नि रसाचं ताट. पहिल्या घागरीला लेक नसली तर गाव विचारतं, का नव्हती.

दादाचा फोन आला नाही. मी केला तर वहिनीनं उचलला. "वावराचं काय लिवलं हो तुमी? त्यायनं वाचलं तवापासून नीट बोलून नाही राह्यले."

मला सातबारा आठवला. आई गेल्यावर वारस म्हणून सातबाऱ्यावर दादाच्या नावाबरोबर माझंही नाव चढलं होतं. बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, भावानं साडी-चोळी करायची, ही आमच्या भागातली रीत. आखाजी झाली की सही करू, असं आमचं बोलता बोलता ठरलंही होतं. आणि आता मी छापून मोकळी झाले होते: 'आता माझ्या वावरात.' पारावर बसून कुणी ही ओळ वाचली तर दुसरं काय वाचणार? मास्तरीण झाली नि वाटा मागून राह्यली, तोही कवितेत.

सरांकडे गेले. ते म्हणाले, "भावाला सांग, ही कविता आहे. तिच्यातली 'मी' म्हणजे तू नव्हेस." मी म्हटलं, सर, तो म्हणेल मग कोण? ते म्हणाले, "निवेदक." मला आयुष्यात पहिल्यांदा या शब्दाचा इतका संताप आला. दादापुढे ओट्यावर बसून 'ती मी नव्हे रे, निवेदक आहे' असं म्हणताना मी स्वतःला पाहिलं आणि हसू की रडू कळेना. बरं, सर चुकीचं बोलत होते म्हणावं, तर तेही नाही. वर्गात मी हेच सांगते. नवऱ्यानं एकच विचारलं, "फोन करून सरळ सांग ना, तुला काय म्हणायचं होतं." तेच तर मला माहीत नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी उजाडलं तरी मुऱ्हाळी नव्हता. सकाळच्या पेपरला माझी ड्यूटी होती, ती एका सहकारिणीच्या गळ्यात घातली आणि एसटीत बसले. मोताळ्याला रोहिणखेडची माणसं कलिंगडांची पोती घेऊन उतरली. गाडी अर्धी रिकामी झाली, तशी गरम हवा सगळी माझ्याच वाट्याला आली. राजूरचा घाट चढेपर्यंत मी मनात एक छोटं व्याख्यान तयार केलं. वावर शब्दाचे दोन अर्थ, दोन लिंगं, सप्तमी विभक्ती. बुलडाण्याला गाडी बदलताना ते पाठ झालं होतं. सासुरवाशीण माहेरी जाताना काय काय घेऊन जाते, मी विभक्ती घेऊन चालले होते.

अंगणात कांद्याच्या बियाण्याचे गोंडे वाळत घातले होते. पाय ठेवायला जागा नव्हती. दादा ओट्यावर पोतं शिवत बसला होता.

"आली?"

"तू आला नाहीस म्हणून आली."

"बस. पानी पे."

एवढंच. उठून त्यानं गोंड्यांतून मला वाट करून दिली. दुसऱ्या दिवशी घागर भरली, खरबूज ठेवलं, ताट वाढलं. मी आणि दादा शेजारी बसून हात जोडले, पण त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. जेवणं झाल्यावर, रणरणत्या उन्हात, जेव्हा गावातलं कुत्रंही बाहेर निघत नाही, तो म्हणाला, "चाल. वावरात जाऊन येऊ."

वाटेत मी व्याख्यान सुरू केलं. "दादा, त्या कवितेत वावर म्हणजे..."

"वावराचं कोन म्हनून राह्यलं? वावर तं वावरच असते."

बांधावर पोचलो तशी त्यानं काठीनं दाखवलं. "हे काय हाये?"

"निंब."

"आन तू काय लिवलं? सावली नव्हती. साऱ्या गावानं वाचलं ते. हे निंब म्या लावलं. हंड्यानं पानी घालून मोठं केलं. माय दुपारी हितंच बसे, हितंच भाकर खाये. अन् तू लिवतं, मायच्या वावरात सावली नव्हती! लोक काय म्हनतीन? पोरानं मायले उन्हात मारली?"

मी तिथेच उभी राहिले. चार ओळींतल्या ज्या शब्दावर मी आणि सरांनी इतका जीव टाकला होता, त्याच्याकडे दादानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याला लागलं होतं ते 'सावली नव्हती' हे साधं, सरळ, बिनश्लेषाचं वाक्य. मला त्या वाक्यात काही वाचण्यासारखं आहे असंच वाटलं नव्हतं.

पण मीही आईचीच लेक. मी म्हटलं, "माह्या वेळेस हे झाड नव्हतं दादा. मले आठवते ना. माय उन्हातच बसे. डोक्यावर ओला पदर घेऊन बसे."

"तुह्या वेळेस नव्हतं. मायच्या वेळेस होतं."

"माही वेळ मायची नव्हती काय?"

त्यानं काठीनं एक ढेकूळ फोडलं. माझं लग्न होऊन मी गेले तेव्हा आई चाळिशीची होती. मी जी आई घेऊन गेले ती उन्हातली. त्यानंतर वीसेक वर्षं ती दादाजवळ राहिली, आणि त्याची आई निंबाखाली बसून भाकर खाणारी. त्याची चूक नव्हती. माझीही नव्हती, असं मी अजून म्हणते. मग आम्ही दोघं त्या झाडाखाली कशाला भांडत होतो, हे तेव्हाही कळलं नाही.

"बदलून टाक ते," तो शेवटी म्हणाला.

"छापलेलं कसं बदलू? आन बदललं तं खोटं होईल."

"आन हे खरं हाये?"

आम्ही मग बसलो. सावली दाट होती, खाली मुंगळे फिरत होते. पाठीला बुंधा टेकला आणि मला भरून आलं. दादानं पाहू नये म्हणून मी मुंगळ्यांकडे बघत बसले.

संध्याकाळी चुलीपाशी हे सगळं वहिनीला सांगितलं. मला वाटलं होतं, चला, कळलं एकदाचं. ती पोळी उलटत म्हणाली, "ते सावलीचं तोंडदेखलं हाये. त्यायच्या मनात वावरच हाये. मी काय वळखत नाही त्यायले?"

घ्या! म्हणजे दादाच्या रागाचेही दोन अर्थ. एक तो स्वतः सांगत होता, दुसरा त्याची बायको वाचत होती. खरा कुणाचा धरायचा? ज्याचा राग त्याचा की जी जवळून वाचते तिचा? वर्गात मी हा प्रश्न कवितेबद्दल विचारते आणि मुलं मुकाट्यानं लिहून घेतात. चुलीपाशी तो विचारायची सोय नव्हती. कदाचित दादालाही ठाऊक नसेल, त्याला नेमकं काय लागलं ते. मला नव्हतं ना ठाऊक मी काय लिहिलं ते, तसंच.

हक्कसोडीचा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही. आजपर्यंत नाही. सातबाऱ्यावर माझं नाव अजून आहे. तो विचारत नाही याचा अर्थ त्याला ते राहू द्यायचं आहे, की मी आपणहून पुसावं म्हणून तो थांबलाय, की तो विसरलाय, मला सांगता येणार नाही. कधी वाटतं उद्याच सही करून टाकावी. कधी वाटतं, सही केली तर, राग वावराचाच होता असं मी धरलं म्हणून तो दुखावेल. सरांना एकदा सांगितलं तर ते म्हणाले, मौनाचीही संहिता असते. असेल. पण तिच्यातून भाऊ बाहेर ठेवून मला ती वाचता येत नाही, आणि भाऊ आत घेतला की वाचताच येत नाही.

सर आता निवृत्त होऊन पुण्याला गेले. त्यांची जागा मी चालवते आणि त्यांच्याच नोट्सवरून रूपवाद शिकवते. शिकवताना वाटतं, सगळं बरोबर आहे. शब्दांकडे असं टक लावून पाहायला त्यांनी नसतं शिकवलं तर वावर शब्दाचं मला काही वाटलंच नसतं. आणि सगळं बरोबर असूनही निंबाखालची ती दुपार त्यात कुठे बसवायची, ते मात्र अजून सुचलेलं नाही. मर्यादांच्या उत्तराला चौदा गुण असतात. मुलं इतिहास, समाज, लेखकाचं चरित्र अशी ठरलेली नावं लिहितात. मी गुण देते.

त्या वर्षी निघताना दादा धाडच्या स्टँडवर सोडायला आला होता. मी खिडकीशी बसले. तो खाली उभा. बोलायचं काही उरलं नव्हतं, म्हणून आम्ही दोघं कंडक्टरकडे बघत होतो. गाडीनं धक्का दिला तेव्हा तो म्हणाला, "आता लिवशील तं आंधी मले वाचून दाखवजो."

मी वळून पाहीपर्यंत गाडी सुटली होती आणि धुळीत त्याचा चेहरा दिसला नाही. ते वाक्य मी किती तऱ्हांनी वाचून पाहिलं आहे! रागानं म्हणाला असेल तर ती बंदी. हसून म्हणाला असेल तर ते बोलावणं. शब्द तेच. पुढच्या आखाजीपासून तो पुन्हा मुऱ्हाळी म्हणून यायला लागला, पण त्या कवितेचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही आणि एक ओळही लिहिली नाही.

या वर्षी लिहिली आहे. परवाच्या पेपरलाच, प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे, मुलं मर्यादा स्पष्ट करत असताना. घरी येऊन दार लावून मोठ्यानं वाचून पाहिली, कारण दादाला वाचून दाखवायची आहे. पहिल्या ओळीत 'तू' असा शब्द आहे, तिथेच थांबले. वर्गात मुलं विचारतात, मॅडम, कवितेतला हा 'तू' कोण? मी सांगते, कुणीही नाही, तो फक्त कवितेत असतो. उद्या दुपारी हा कुणीही नाही नांदुऱ्याची गाडी धरून मला न्यायला येणार आहे. त्याच्या रक्तात हल्ली साखर निघालीय, आणि त्याच्यापुरता आंबरस बिनगुळाचा करायला मी अजून शिकलेली नाही.